उजवी श्वसनी

गल्लीत त्यांना सगळे फुप्फुसवाले म्हणत. कुणी दूधवाले असतात, कुणी चष्मेवाले, तसे हे फुप्फुसवाले. वैद्यकीय कॉलेजांना शिकवायला लागणारी मॉडेलं बनवायचा त्यांचा धंदा. तरुणपणी त्यांनी कान केले, मूत्रपिंडं केली, एक अख्खा डोळा केला, पण हात बसला तो फुप्फुसावर. पुढे डोळे आणि कान प्लास्टिकचे, साच्यातले येऊ लागले आणि त्या कारागिरांनी दुकानं बंद केली. फुप्फुसवाले मात्र टिकले. त्यांचं फुप्फुस उघडायचं. एकेक खंड सुटा काढावा, आत बोट फिरवावं, पुन्हा जागेवर बसवावा. साच्यातल्या मालाला ते जमत नव्हतं.

मॉडेलचा गाभा म्हणजे हवेच्या वाटांचा सांगाडा. तो ते मऊ लाकडातून कोरत. वर गळ्याकडची जाड नळी, मग तिच्या दोन फांद्या, मग फांद्यांच्या फांद्या. त्यावर कागदाच्या लगद्याचे पाच खंड बसायचे, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रत्येक खंड बांबूच्या दोन खुंट्यांवर. म्हणजे एका मॉडेलला दहा खुंट्या, काडेपेटीतल्या काडीइतक्या जाड आणि करंगळीच्या नखाएवढ्या लांब. बसवताना दोन्ही हात कामात असतात, म्हणून खुंट्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढायची. त्यांच्या उस्तादांनीही आयुष्यभर तेच केलं होतं. फक्त उस्तादांची ताकीद होती की बांबू ओल धरतो, फुगतो, त्यामुळे ओठांतली खुंटी फार वेळ ठेवू नये, नाहीतर ती भोकात शिरत नाही.

पहिली दोन वर्षं त्यांनी दोन्ही फांद्या अगदी सारख्या कोरल्या, तराजूच्या दांडीसारख्या. दिसायला फार देखणं काम होतं. मग कॉलेजच्या शरीररचनेच्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. "अहो, ही काय मिशी आहे का, दोन्ही बाजूंनी सारखी कातरायला?" उजवी फांदी जास्त रुंद असते, आखूड असते आणि जवळजवळ सरळ खाली जाते, डावी तिरकी वळते. चुकून श्वासाच्या वाटेत काही पडलंच तर ते बहुतेक उजवीकडेच जातं, हेही बाईंनी सांगितलं. तोवर मॉडेलवर नुसते आकडे असत. बाईंनी कागदावर नावं लिहून दिली. वरची ती श्वासनलिका. ती दुभंगते तिथून दोन श्वसनी, उजवी आणि डावी. पुढच्या बारीक फांद्या त्या श्वसनिका. फुप्फुसवाल्यांना त्यातला 'श्वसनी' हा शब्द फार आवडला. एखाद्या शांत मुलीचं नाव असावं तसा तो त्यांना वाटायचा. तीस वर्षं ते बारीक कुंचल्यानं तो रंगवत आले. आपल्याच छातीत त्या नावाचं काही आहे, हा विचार मात्र त्यांच्या मनात फारसा कधी आला नाही.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा दूर कुठंतरी पुलाच्या बांधकामावर, महिन्यातून एकदा घरी यायचा. सून टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. नात चार वर्षांची. तिला सगळे ठकी म्हणत, आणि ती नावाला जागायची. सुनेच्या मनात तिला पाळणाघरात घालायचं होतं. फुप्फुसवाले तेव्हा हटून बसले. "घरात आजोबा जिवंत असताना पोर परक्याच्या दारात कशाला?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं. शेवटी सून कबूल झाली, पण एका अटीवर. ठकीनं कामाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तिथे पटाशा, सरस, रंग, सतराशे साठ भानगडी. फुप्फुसवाल्यांनी मान डोलावली. ती अट त्यांनी पुरते आठ दिवस पाळली.

खरं तर त्यात त्यांचा स्वार्थ होता, आणि तो सांगून टाकलेला बरा. दुपारी साडेबाराला नात बालवाडीतून आली की त्या खोलीत जिवंत माणसाचा आवाज यायचा. ती समोरच्या खोक्यावर बसून प्रश्न विचारायची. त्यांचं काम अर्ध्यावर यायचं आणि त्यांना ते बिलकूल खटकायचं नाही. सहा वर्षांत त्यांना कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते.

त्या मंगळवारी ते नव्या मॉडेलवर नाव रंगवत होते.

"हे काय लिहिलं?"

"उजवी श्वसनी."

"माझ्यात आहे?"

"आहे की. दोन आहेत. एक उजवी, एक डावी."

"त्यांना रंग आहे?"

"तू गोरी, म्हणून गुलाबी असतील," ते म्हणाले, आणि दोघं हसले. मग त्यांनी दहा खुंट्या मोजून बशीत काढल्या आणि कुंचला धुवायला मोरीकडे वळले. परत येऊन बघतात तर ठकीनं दोन खुंट्या ओठांत धरल्या होत्या, अगदी आजोबांसारख्या, आणि भुवया आक्रसून ती गंभीरपणे त्यांच्याकडे बघत होती.

त्या क्षणी त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. ते खूष झाले. "वा उस्ताद!" म्हणून त्यांनी टाळी वाजवली. ठकी खुदकन हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

ठसका मोठा होता. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. तिनं थोडं दूध ओकलं आणि खोकला थांबला. जमिनीवर एक खुंटी पडलेली होती, ती त्यांनी उचलून बशीत टाकली. दुसरीही इथंच कुठंतरी गेली असेल, असं ते स्वतःशी म्हणाले. पाच मिनिटांत पोर पुन्हा बडबडायला लागली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. "आईला सांगायचं नाही हं," एवढं मात्र ते बोलून गेले.

संध्याकाळी सून आल्यावर ते काम आवरायला खोलीत गेले. बशीत नऊ खुंट्या होत्या. त्यांनी टेबलाखाली बघितलं, खोकं हलवलं, मग जमिनीवरचा सगळा भुसा गोळा केला आणि चहाच्या गाळणीनं मूठमूठ करून चाळला. भुशात कुंचल्याचे केस निघाले, एक बटण निघालं. दहावी खुंटी निघाली नाही. बाहेरच्या खोलीत ठकी दोनदा खोकली. गाळणी हातात धरून ते तसेच खाली बसून राहिले. त्यांना कळलं होतं.

कळल्यावर माणूस लगेच उठतो, धावतो, सांगतो, असं आपल्याला वाटतं. ते उठले, बाहेर गेले आणि सुनेनं पानं घेतली होती तिथे बसून जेवले. सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? खोलीत नेलं हे सांगायचं, रोज नेतो हे सांगायचं, टाळी वाजवली हे सांगायचं. मग उद्यापासून पाळणाघर, आणि साडेबारा वाजता दार वाजणार नाही. आणि कदाचित गेलीच नसेल आत. कदाचित पोटात गेली असेल, सकाळी निघून जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांचं भित्रं मन त्यांना सांगत राहिलं आणि ते ऐकत राहिले.

बुधवारी ठकीला थोडा ताप होता. सुनेनं रजा टाकली आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. "हवा बदलली आहे, सर्दी उतरली छातीत," डॉक्टर म्हणाले आणि खोकल्याचं औषध दिलं. सून निर्धास्त झाली. फुप्फुसवाल्यांना मात्र त्या दिवशी काहीही हातात धरवेना. ओठांत धरलेली खुंटी थोड्या वेळात किती जाड होते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. इथे तर रात्र उलटून गेली होती. ते घड्याळाकडे बघत आणि तास मोजत. प्रत्येक तासाला ती खुंटी त्यांच्या डोळ्यांपुढे केसभर जाड होई.

दुपारी ठकी झोपली असताना त्यांनी हळूच तिच्या पाठीला कान लावला. डाव्या बाजूला हवा मोकळी जात येत होती. उजवीकडे जवळजवळ काहीच नव्हतं. खूप वेळानं एक बारीक शीळ ऐकू आली, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. तीस वर्षं ज्या वाटेवर त्यांनी कुंचल्यानं नाव घातलं, त्या वाटेचा आवाज ते पहिल्यांदा ऐकत होते. ठकीनं झोपेतच कूस बदलली आणि त्यांचा एक अंगठा मुठीत धरला.

गुरुवारी सकाळी ते एकटेच डॉक्टरांकडे गेले. न सांगता सांगायची एक युक्ती त्यांनी शोधून काढली होती.

"डॉक्टर, समजा पोरीच्या श्वासाच्या वाटेत काही गेलं असेल तर? शेंगदाणा वगैरे? उजव्या श्वसनीत?"

डॉक्टर हसले. "काका, फुप्फुसं बनवता बनवता डॉक्टर झालात की काय? तुम्ही बघितलं का तिला काही खाताना?"

"नाही, म्हणजे, बघितलं असं नाही."

"थांबा, आईलाच विचारतो." डॉक्टरांनी तिथूनच सुनेला फोन लावला. सून काय म्हणाली ते फुप्फुसवाल्यांना समोर बसून ऐकू येत होतं. शेंगदाणे घरात आणतच नाही. बालवाडीतही देत नाहीत. घरी आजोबा सतत जवळ असतात, त्यांची नजर एक मिनिट हलत नाही तिच्यावरून.

फुप्फुसवाल्यांनी मान खाली घातली.

"तरी तुमच्या समाधानासाठी फोटो काढून घेऊ," डॉक्टर म्हणाले. सुनेनं ठकीला नेऊन छातीचा फोटो काढून आणला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि म्हणाले, "बघा, स्वच्छ. काही नाही आत. बाळदमा असेल सुरुवातीचा."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि फुप्फुसवाल्यांना घाम फुटला. कॉलेजच्या बाईंनी त्यांना फार पूर्वी सांगितलं होतं, नाणं दिसतं, खिळा दिसतो. लाकूड, बांबू फोटोत दिसत नाही. आता पोरीच्या अंगात ती खुंटी आहे हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. त्यांच्या अर्धवट शब्दानं उलटंच झालं होतं. कुणाला शंका आली असती, तर तीही त्या फोटोनं पुसून टाकली होती. घरी येताना सून म्हणाली, "बाबा, तुम्ही किती काळजी करता हो तिची. कुणाचे आजोबा असे डॉक्टरांकडे एकटे जाऊन विचारतात?" त्यांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. त्या वेळी बोलायची हिंमत झाली नाही, आणि पुढे बोलणं आणखी सोपं होणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं आणि तरी ते जिन्याची पायरी न् पायरी चढून घरात गेले.

शुक्रवारी सकाळी ठकीनं दुधाचा पेला ढकलून दिला. तिचा श्वास भराभर चालला होता, प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, आणि ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या. सुनेनं पोरीला शालीत गुंडाळलं, फुप्फुसवाल्यांनी खाली जाऊन गाडी थांबवली. गाडीत सून सारखी म्हणत होती, "दमाच आहे, बाबा, वाफ दिली की मोकळी होईल, हो ना?" ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मोठ्या दवाखान्यात वाफेचं यंत्र लावलं. ठकी मुखवट्याआडून आजोबांकडे बघत होती. तिला रडायलाही श्वास पुरत नव्हता. छातीच्या डॉक्टरीणबाई आल्या, तरुण, बारीक चणीच्या. त्यांनी तपासलं, कालचा फोटो बघितला, कपाळाला आठी घातली. "उजवीकडे हवा कमी जाते आहे. तिला काही ठसका लागला होता का? काही तोंडात घातलं होतं?"

"नाही हो," सून म्हणाली. "काल पण विचारलं डॉक्टरांनी. तसं काही नाही."

"मग आधी दम्याचं औषध वाढवू, संध्याकाळपर्यंत वाट बघू."

संध्याकाळपर्यंत. फुप्फुसवाल्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेनऊ झाले होते. डॉक्टरीणबाई वळून दाराशी पोहोचल्या होत्या.

"खुंटी आहे," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "बांबूची. नखाएवढी. फोटोत दिसायची नाही. उजव्या श्वसनीत आहे आणि ती फुगली आहे."

सून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

"तुम्ही कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आजोबा. मी मॉडेलं बनवतो, फुप्फुसांची. त्यातली खुंटी. ठसका लागला होता. मंगळवारी दुपारी."

डॉक्टरीणबाईंनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. त्या बाहेर गेल्या आणि त्यांचा आवाज व्हरांड्यातून ऐकू आला, भूल देणाऱ्यांना बोलवा, दुर्बीण तयार ठेवा, लहान मुलाची. पंधरा मिनिटांत ठकीला नेलं. दार बंद झालं. सून बाकावर बसली, ते उभेच राहिले. तिनं संमतीच्या कागदावर सही केली. ते तिच्या जवळ जाऊ शकले नाहीत.

तो पाऊण तास कसा गेला ते त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. त्या बंद दारामागे एक बारीक नळी आपल्या नातीच्या श्वासनलिकेतून खाली उतरत असेल, दुभंगाशी थांबेल, उजवीकडे वळेल. ती वाट त्यांना डोळे मिटून कोरता आली असती. आणि तिथे चार वर्षांच्या पोरीच्या अंगात ती किती अरुंद असेल, हेही ठाऊक होतं. कुणाचा हात चुकला तर? फुगलेली खुंटी तुकडे होऊन आणखी खाली गेली तर? ते भिंतीला टेकले आणि हात जोडल्यासारखे एकमेकांत घट्ट अडकवून उभे राहिले.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा रुमाल खाली केला. "निघाली. अख्खी निघाली. अजून थोडा उशीर झाला असता तर फुप्फुस निकामी व्हायला लागलं असतं. सूज आहे, दोन दिवस ठेवू. पण आता दोन्हीकडे हवा जाते आहे." मग त्या फुप्फुसवाल्यांकडे वळल्या. "तुम्ही बोललात म्हणून. नाहीतर मी दम्याच्याच मागे लागले असते."

सून रडायला लागली. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मग ती उठली, त्यांच्याजवळ आली आणि तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, तुम्ही खोलीत नेलंत तिला, मला राग आला होता. खूप आला होता. पण जाऊ दे. चूक कुणाच्या हातून होत नाही? तुम्हाला ऐन वेळी आठवलं. तुम्हाला आठवलं म्हणून माझी पोर वाचली."

व्हरांड्यात एक बाई फरशी पुसत होती. बादलीचा आवाज आला आणि गेला. एवढं सगळं झाल्यावर फुप्फुसवाले सुटले होते. नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांनी मान हलवली असती तरी चाललं असतं. सुनेनं त्यांना माफ केलं होतं, ठकी घरी येणार होती, साडेबाराला दार वाजलंही असतं कदाचित. त्यांच्या हातात तिचे हात होते, ओले आणि गरम. त्यांना इतकी भीती गेल्या तीन दिवसांत वाटली नव्हती.

"मला आज नाही आठवलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मंगळवारी संध्याकाळीच कळलं होतं मला. खुंट्या मोजल्या तेव्हाच. मी भ्यायलो, सूनबाई. सांगितलं तर तू तिला माझ्यापासून नेशील म्हणून भ्यायलो."

तिला कळायला थोडा वेळ लागला. तो वेळ त्यांनी तिच्या चेहऱ्यावर बघितला. मग तिनं आपले हात काढून घेतले, झटकले नाहीत, नुसते काढून घेतले.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस ती माझ्या मांडीवर खोकत होती, बाबा. आणि तुम्ही समोर बसून जेवत होता."

"हो," ते म्हणाले.

ती ठकीच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून तिनं ते हळूच लावलं, कारण आत पोर झोपली होती.